पहिलं पाऊल सांगायचं नसतं

आमच्या पाळणाघराचा एक नियम आहे आणि तो कुठल्या भिंतीवर लिहिलेला नाही. मूल पहिल्यांदा आमच्याकडे चाललं, तर ते आई-बापाला सांगायचं नाही. तोंडाला कुलूप. पोराबरोबर रोज घरी जाते त्या वहीत लिहायचं, "आज छान खेळली, पोटभर जेवली." का, तर बिचारे दिवसभर कामावर राबतात, निदान लेकराचं पहिलं पाऊल तरी त्यांच्या डोळ्यांसमोर पडू दे. बहुतेक पोरं दोन दिवसांत घरी चालतातच. मग आई सकाळी धापा टाकत येते, म्हणते, काल चालला हो, चक्क चार पावलं! आणि मी डोळे विस्फारून म्हणते, अगं बाई, खरंच? रांगणाऱ्यांच्या खोलीत सोळा वर्षं काढलीत मी. हे सोंग साठ-सत्तर वेळा तरी वठवलं असेल. नाटक कंपनीत गेले असते तर आज चार लोकांनी ओळखलं असतं.

एखाद्या घरी लक्षच गेलं नाही, चार-पाच दिवस झाले तरी कोणी धापा टाकत आलं नाही, तर त्यावरही तोड आहे. वहीत लिहायचं, "मऊ तळाचे बूट पाठवा." बस. बूट आणले की घरचे ते पायात घालून बघतातच. पोराला उभं करतात, हात सोडतात, काम फत्ते. ही युक्ती आमच्या मोठ्या बाईंची. पाळणाघर त्यांचंच आहे.

हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते या नियमात बसत नाही. आणि ते माझ्याकडून चुकून झालं नाही.

ठमी आमच्याकडे आली तेव्हा सात महिन्यांची होती. कागदावरचं नाव लांबलचक, पण पोरगी गुबगुबीत, एका जागी बसली की बसली, म्हणून आम्ही ठमी म्हणायचो. तिची आई विमा कंपनीत. लोक नुकसानभरपाई मागतात, त्यातलं कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय हे शोधून काढायचं तिचं काम. ऑफिस सुटलं तरी ते डोकं काही ती तिथे ठेवून येत नसे. आल्या आल्या बाटलीचा वास घेणार. उरलेले डायपर मोजणार. पोरीचा गुडघा जरा लाल दिसला की कधी, कुठे, त्या वेळी खोलीत कोण होतं? वहीच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढणार. आम्ही तिला भिंग म्हणायचो. नवरा दूर नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा, म्हणजे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर, हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून माणूस डोक्यात जायचं थांबत नाही.

एक दिवस भिंग भर दुपारी न सांगता उगवली. पोरांच्या जेवणाची वेळ. चार पोरं उंच खुर्च्यांत, पट्टे लावलेली, कारण पट्टा नाही लावला तर पोर डोक्यावर आपटतं. तिने दारातूनच बघितलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईने लिहून आलं: "माझी मुलगी सोळा महिन्यांची झाली तरी चालत नाही. तिला दिवसभर खुर्चीत बांधून ठेवले जाते का? लेखी उत्तर द्यावे."

बांधून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या पोरीला दात येत होते तेव्हा तीन दुपारी मी तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या होत्या, माझं जेवण डब्यात गार झालं होतं. ते कुठे लाल शाईत आलं नाही कधी. मोठ्या बाईंनी गोडीगुलाबीने उत्तर लिहिलं आणि मला म्हणाल्या, जाऊ दे गं, आईचा जीव आहे. मी म्हटलं, जीव आईचा असेल, भाषा फौजदाराची आहे.

आणि त्याच आठवड्यात ठमी चालली. गादीवरून उठली, कपाटाला धरलं, कपाट सोडलं आणि थेट माझ्याकडे. सहा पावलं. मध्ये थांबली नाही की डगमगली नाही. येऊन माझ्या मांडीत डोकं खुपसलं आणि स्वतःवरच खूश होऊन हसत सुटली. मी वहीत लिहिलं, "छान खेळली, पोटभर जेवली."

पाच दिवस गेले. भिंग यायची, वास घ्यायची, मोजायची, जायची. घरी चालल्याचं काही चिन्ह दिसेना. मोठ्या बाईंनी विचारलं, बुटांचं लिहिलंस ना? मी म्हटलं, हो. लिहिलं नव्हतं. पेन हातात होतं, वही उघडी होती, पण मागच्या पानावरची लाल शाई या पानावर उमटलेली दिसत होती. म्हटलं, बांधून ठेवतो ना आम्ही? मग बांधलेल्या पोरीला बूट कशाला हवेत? वही मिटून पिशवीत टाकली.

पोरगी घरी का चालत नव्हती, तेही मला ठाऊक होतं. भिंगानेच मागे एकदा टोमणा मारला होता, की तुमच्याकडे दिवसभर जमिनीवरच असते, म्हणून घरी मी तिला खाली ठेवतच नाही. एकदा जमिनीवर म्हणायचं, एकदा खुर्चीत म्हणायचं, एक काय ते ठरवा बाई. संध्याकाळचे दोन-अडीच तास काय ते तिला मिळायचे, ते सगळे कडेवर. सुट्टीच्या दिवशी खाली ठेवलीच तर हात धरलेला. असं असल्यावर ती चालणार कधी आणि कशाला?

दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. इथे ठमी खोलीभर फिरत होती, दुसऱ्यांची खेळणी पळवत होती. पाच वाजता आई दारात दिसली की जिथे असेल तिथे मट्कन खाली बसायची आणि दोन्ही हात वर करायची. आई उचलायची. रोज हेच. भिंगाचा चेहरा उतरत चालला होता. डायपर मोजायची बंद झाली, तेव्हा मला थोडं बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. एकदा तिने अगदी हळू आवाजात विचारलं, इथे उभी तरी राहते का हो ती? मी म्हटलं, राहते कधीकधी, धरून. आमच्या नियमात सांगायचं नसतं इतकंच आहे. विचारल्यावर असं उत्तर द्यायचं, हे नियमात नाही. ते माझं स्वतःचं होतं.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, मोठ्या बाईंना फोन आला की पाळणाघरं तपासणाऱ्या कचेरीत आमच्यावर तक्रार झाली आहे. पोरं बांधून ठेवतात म्हणून. तक्रार कोणाची हे विचारायची गरजच नव्हती. मी दिवसभर धुमसत होते. म्हटलं, येऊ दे संध्याकाळी, चांगली हजेरी घेते.

ती आली ती शांत. ठमीला उचललं, पिशवी घेतली आणि म्हणाली, उद्या ही येणार नाही. इस्पितळात न्यायची आहे. भूल देऊन डोक्याचे आणि पाठीच्या मणक्याचे फोटो काढणार आहेत, काहीतरी दबलं असेल असा डॉक्टरांना संशय आहे. मग तिने पर्समधून एक छापील कागद काढला आणि विचारलं, आज हिने शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, तिथे भरायचंय. पेनाचं टोपण तिला निघत नव्हतं.

दिवसभर घोकलेलं भांडण कुठल्या कुठे गेलं. एवढ्याशा पोरीला भूल देणार, आणि ती सकाळी माझ्यासमोर बादली पाडून पळाली होती.

"नेऊ नका तिला," मी म्हटलं. "ती चालते."

भिंगाने माझ्याकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मग तिने टोपण पुन्हा घट्ट दाबून बसवलं. म्हणाली, आज सकाळी तक्रार पोचली आणि आज संध्याकाळी माझी मुलगी चालायला लागली, वा. असल्या कहाण्या मी रोज आठ तास ऐकते. आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि आमचा नियम समजावून सांगितला, पहिल्या पावलाचा, मग बुटांचा. म्हणाल्या, वहीत बघा ना, तीन आठवड्यांपूर्वीच लिहून पाठवलंय बूट पाठवा म्हणून.

भिंगाने फोन काढला. एकेक पान सरकवत गेली, तारखेवार. शेवटच्या पानावर आली तशी फोन मोठ्या बाईंसमोर धरला आणि कुठे आहे ते दाखवा म्हणाली. मोठ्या बाई चष्मा लावून शोधत बसल्या. मला ते बघवेना. वीस वर्षं ज्या बाईने माणसं जोडून हे घर चालवलं, ती माझ्या शब्दावर विसंबून एका फोनवर बोट फिरवत बसली होती.

"लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "विसरले नाही. मुद्दाम लिहिलं नाही. तुमचा राग आला होता मला."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता पुसायला लागल्या. भिंग म्हणाली, मग आता चालवून दाखवा. ठमीला तिने खाली ठेवलं. ठमी मट्कन बसली आणि आईकडे हात वर केले. मी चेंडू दाखवला, खुळखुळा वाजवला, समोर जाऊन बसले. ती माझ्याकडे बघून हसायची, आणि पुन्हा आईकडे हात. बघितलंत, भिंग म्हणाली, आणि तिला उचलायला वाकली.

मी मध्ये हात घातला. म्हटलं, तुम्ही बाहेर उभ्या राहा. दाराला काच आहे, तिथून बघा. तुम्ही दिसलात की ती उचलून घ्यायची वाट बघते, दुसरं काही करत नाही. दोन मिनिटं द्या मला, मग काय करायचं ते करा. ती जाईना. शेवटी मोठ्या बाईंनी तिच्या दंडाला धरून तिला बाहेर नेलं.

दार लागल्यावर ठमी थोडा वेळ रडली. मग गप्प झाली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, काही बोलले नाही, नुसते हात पसरले. ती उठली. आली. वाटेत चेंडू दिसला, वाकून उचलला, तो घेऊन पुन्हा चालली आणि माझ्या मांडीत येऊन आदळली. काचेकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

भिंग आत आली. तिचे डोळे कोरडे होते, त्यापेक्षा ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "चार आठवडे रोज संध्याकाळी मी तिचे पाय तेल लावून चोळतेय. देवाला काय काय कबूल करून बसलेय." मी मान खाली घातली. ठमी माझ्या मांडीवर चेंडू चावत होती. आईने तिला तिथून उचललं, खोलीच्या मध्यावर उभं केलं आणि मला म्हणाली, तुम्ही जा इथून.

सोळा वर्षांत मला त्या खोलीतून कोणी बाहेर काढलं नव्हतं. मी गेले. व्हरांड्यात मोठ्या बाई उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, उद्या येऊ नकोस, मी कळवते. मी दाराकडे पाठ करून उभी राहिले. आतून आधी फोनवरचं बोलणं ऐकू आलं. उद्याची वेळ रद्द करा, मुलगी चालते, हो, मी स्वतः बघितलं, असं ती कोणाला तरी सांगत होती. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. ये, ये बाळा, इकडे ये. बराच वेळ तेच. मग काहीच ऐकू येईना.

ती बाहेर आली तेव्हा ठमी कडेवर होती आणि पिशवी गच्च भरलेली. चादर, बाटल्या, जास्तीचे कपडे, सगळं गोळा करून घेतलं होतं. मोठ्या बाईंना म्हणाली, नाव काढून टाका. तक्रार मागे घेणार नाही, दुरुस्त करणार आहे. बांधून ठेवता हे खोटं ठरलं, ते खोडते. त्या जागी जे झालं ते लिहिते. मी म्हटलं, लिहा. ठमीने माझ्याकडे झेप घ्यायला दोन्ही हात पुढे केले. मी माझे हात पदरात गुंडाळून घेतले.

ती जिन्यापाशी पोचली आणि मला राहवलं नाही.

"तुमच्याकडे आली का हो चालत?" मी विचारलं.

ती वळली. "तुम्हाला कशाला हवंय?" म्हणाली, आणि खरोखरच उत्तरासाठी थांबली. मला ते ऐकायचं होतं, जीव तुटत होता ऐकायला, पण कुठल्या तोंडाने सांगणार? तिने पोरीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं आणि जिना उतरून गेली.