रंगमंचाखालचा रहाट

मी एक जुना रहाट आहे मित्रांनो, पण मी कधी पाणी काढलेले नाही. व्हेनिसच्या एका नाट्यगृहात, रंगमंचाखालच्या तळघरात मला बसवले. जहाजे बांधणाऱ्या सुतारांनी मला ओकच्या लाकडातून घडवले.

माझ्याआधी प्रत्येक रंगीत पडद्याची चौकट ढकलायला एक माणूस असे. सोळा चौकटी, सोळा माणसे. एखादा उशीर करी. मग बागेच्या मधोमध समुद्र दिसे आणि लोक हसत. पुढे सगळ्या चौकटींचे दोर माझ्या एकाच आसावर गुंडाळले. मला अडवून धरणारी खुंटी काढली की टांगलेले वजन खाली येई, मी फिरे आणि सगळ्या चौकटी एकदम सरकत. पहिल्या खेळाला वर टाळ्यांचा मोठा गजर झाला. दुसऱ्या दिवशी पंधरा माणसांना घरी पाठवले. खुंटीसाठी बास्तियान राहिला.

खुंटी काढायच्या वेळी तो नेहमी खाली असे, म्हणून वर देखावा एकदम बदलताना त्याने कधी पाहिलाच नाही. पडदे शिवणारी त्याची थोरली बहीण ऑर्सोला त्याला सांगे.

"ताई, आज काय झालं वर?"

"बाग गेली, समुद्र आला. तुझा खोकला मात्र पहिल्या बाकापर्यंत आला."

मग त्याची नजर अधू होऊ लागली. एकदा तरी तो समुद्र पाहायचा, एवढेच त्याला हवे होते. कार्निव्हलच्या शेवटच्या खेळाला ऑर्सोला म्हणाली, "जा वर. खुंटी मी काढते."

"तुला जमेल?"

"तुला जमतं ना? मग कुणालाही जमेल. नीघ आता."

तिने खुंटी काढली. मी फिरलो. वर नेहमीसारख्या टाळ्या झाल्या. बऱ्याच वेळाने बास्तियान खाली आला.

"दिसला का समुद्र?"

"दिसला."

"मग तोंड का पाडलंस?"

त्याने माझ्यावर हात ठेवला. "माझ्याशिवाय झालं गं सगळं."

ऑर्सोलाने त्याच्या हातात खुंटी दिली.

तो पुढेही येत राहिला, माझ्या आसाला चरबी लावत राहिला. वर काय झाले, हे मात्र त्याने पुन्हा विचारले नाही. त्याची नजर गेल्यावर खुंटी काढायला ऑर्सोला येऊ लागली. नंतर नाट्यगृह बंद पडले. दोर होड्यांसाठी नेले. माझा आस आता फिरत नाही.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या. आणि खाली खुंटीपाशी जो बसला असेल, त्याला पहिल्याच वर्षी वर नेऊन दाखवा. फार उशीर केला, तर त्याला समुद्र दिसत नाही; आपल्याशिवायही सगळे होते, एवढेच दिसते.