पाचवा ‘का’

“पाच वेळा ‘का’ विचारायचं. चिडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

“आमच्या घरी एकदा विचारलं तरी जेवण बंद होतं,” मागून वेल्डर म्हणाला. सगळे हसले.

पंपघराच्या कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवली होती. समोरासमोर खुर्च्या मांडून दोघादोघांनी बसायचं. एकाने कामावरची खरी अडचण सांगायची, दुसऱ्याने विचारत विचारत तिच्या मुळाशी जायचं. माझ्या वाट्याला आमचा सुपरवायझर आला. माझ्या मुलीहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. मला काका म्हणतो. उशिरा येण्याबद्दलचे दोन मेमो त्यानेच दिले होते, माझ्याकडे न बघता. तिसरा मिळाला की माझी रवानगी स्टोअरमध्ये. तीस वर्षं मी पंपांचे आवाज ऐकत आलोय. स्टोअरमध्ये नुसते खोके.

“सांगा काका, अडचण.”

“तुम्हाला माहीतच आहे. उशीर होतो.”

“का?”

“रस्ता दहा मिनिटांचा. हल्ली वीस लागतात.”

“का?”

“पाय उचलत नाहीत.”

पुढचा ‘का’ त्याला विचारवेना. माझ्या बायकोला जाऊन चार महिने झाले होते. तो अंत्यविधीला आला होता.

“विचारा,” मी म्हणालो. “खेळाचा नियम आहे.”

त्याने फोनवर माझी हजेरी काढली आणि बराच वेळ बोट वरखाली केलं.

“काका, तुम्ही रोज सात-पाचला येता. पाय जड झालेला माणूस कधी दोन मिनिटं उशिरा येईल, कधी अर्धा तास. तुमचं रोज पाचच. का?”

गेजचा काटा रोज तेवढ्याच आकड्याने चुकत असेल, तर आम्ही पंप खोलत नाही. आधी गेज तपासतो.

“मी पावणेसातला निघतो,” मी म्हणालो. “स्वयंपाकघरातलं घड्याळ बघून. पहिल्यापासून तसंच. आणि सातला पाच कमी असताना इथे.”

“मग आता का नाही?”

“ती गेल्यावर महिन्याभरात घड्याळाचा सेल संपला. मी नवा घातला. मोबाइलवर बघून वेळ लावली.”

“आधी कोण लावायचं?”

मी मुलीला फोन केला.

“आपलं घड्याळ पुढे होतं का गं?”

“दहा मिनिटं,” ती म्हणाली. “आई म्हणायची, बाबांना सांगू नकोस. कळलं तर दहा मिनिटं आणखी लोळतील.”

“का केलं असेल तिने असं?” पाचवा ‘का’ मीच विचारला.

“तुमचं लग्न नवीन होतं तेव्हा तुम्हाला उशीर झाला म्हणून गेटवरून परत पाठवलं होतं ना? त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत म्हणे. तेव्हापासून.”

मी ते साफ विसरलो होतो.

“बाबा? रविवारी येते मी. करून देते पुढे.”

“नको. आता मला माहीत झालंय. आता ते चालायचं नाही.”

फोन ठेवला. रस्ता पहिल्यापासून वीस मिनिटांचाच होता, दहाचा तो फक्त तिच्या घड्याळामुळे. सुपरवायझर खाली बघत होता. शेजारच्या जोडीत कसल्याशा गळतीवरून भांडण जुंपलं होतं.

बाईंनी दिलेल्या कागदावर तीन चौकटी होत्या. अडचणीच्या चौकटीत त्याने उशीर लिहिलं, कारणाच्या चौकटीत घड्याळ. घड्याळ हे काही खरं कारण नव्हतं, पण मी राहू दिलं. तिसरी चौकट होती, यापुढे जबाबदारी कोणाची. तिथे तो थांबला. पेन त्याने माझ्यापुढे ठेवलं.

मी लिहिलं, सहा पस्तीसला घर सोडणे. त्याच्यापुढे माझं नाव लिहिलं.