आवाज न करणारा जनरेटर

जनरेटर घ्यायला गेलो तेव्हाच मला हा गप्प जनरेटर नको होता, आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण? आमच्या ह्यांनी आयुष्यभर साउंडचं काम केलं. सभा असो, नाटक असो, माइक आणि स्पीकर ह्यांचेच. स्पीकरमध्ये बारीक खरखर झाली तर ह्यांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला कळते, आणि मी शेजारी बसून भाजी आणा म्हटलं तर ऐकू येत नाही. मी ह्यांना कानसेन म्हणते. तोंडावर म्हणते.

जनरेटर हवा होता तो ताईसाठी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता तिची फुप्फुसं कामातून गेलीत. नाकात नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. ते चालतं विजेवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मशीन बंद पडलं तर थोडा वेळ निभेल, जास्त नाही. त्यात ताईने एकच धोशा लावलेला, मला लेकीकडे पोचवा, शेवटचे दिवस तिच्याजवळ काढायचेत. लेक राहते लांब. बसचा, विमानाचा प्रवास तिला झेपणारा नव्हता. मग ह्यांनी कुठूनसा गाडीमागे ओढायचा ट्रेलर भाड्याने आणला. आत पलंग, ओटा, फ्रिज, एसी, सगळं. फक्त मुक्कामाला वीज मिळेल याची खात्री नाही. म्हणजे ताईचा श्वास निवडायला आम्ही दुकानात गेलो होतो, असंच म्हणायचं.

दुकानदाराने दोन जनरेटर पुढे ठेवले. पहिला अवजड, सुरू केला तर दुकानाच्या काचा थरथरल्या. दुसरा सुटकेसएवढा, आणि चालू आहे की नाही ते हात लावून बघावं लागावं इतका गप्प.

"हा मोठा घ्या," मी म्हटलं.

"अगं, डोकं उठेल. ताईंना झोप नको का?"

"अहो, आवाज येतोय तोवर चालू आहे एवढं तरी कळेल."

"चालू आहे का बघायला त्यावर दिवा आहे. तुला काय, कुकरसारखी शिट्टी हवी?"

दुकानदार हसला. म्हणाला, दोन्ही भरवशाचे आहेत, फक्त मोकळ्या हवेत ठेवा, तापू देऊ नका. हे मान डोलावत होते, पण कान त्या लहान जनरेटरला लावलेला. लहानच घेतला. मी घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाही. ह्यांना वाटलं, मला पटलं.

पुढचं ऐका. त्या गप्प जनरेटरमध्येही ह्यांना एक बारीक सूर ऐकू यायला लागला. मला नाही, ताईला नाही, फक्त ह्यांना. मग ह्यांनी त्याच्यासाठी प्लायवूडची पेटी केली. आतून जाड फोम, धुराचा पाइप बाहेर, हवेला खाली भोकं. ऑक्सिजनचं मशीन घरघर करायचं, तेही ह्यांनी ट्रेलरच्या कपाटात फोम लावून बसवलं, खालून हवेला वाट ठेवली आणि नळी लांब करून पलंगापर्यंत आणली. जीव ओतून केलं हो सगळं. ताईला दगदग होऊ नये म्हणून केलं. माणूस वाईट नाही, म्हणून तर राग काढायला जागा राहत नाही.

निघालो. पहिल्या मुक्कामाला काही झालं नाही, पण माझ्या डोळ्याला डोळा लागेना. आत कसलाच आवाज नाही. मी उठून ताईच्या नाकाशी हात धरायची. "मेले नाही गं अजून," ताई म्हणायची, "हात काढ, थंडगार आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या कडेला एका उघड्या मैदानात थांबलो. झाड औषधालाही नाही. पत्रा तापला होता, म्हणून एसी पूर्ण लावलेला. जनरेटरचं पेट्रोल संपत आलं होतं, तेव्हा हे ट्रेलरपासून गाडी सोडवून पेट्रोल आणायला गेले. जाताना पेटीवर थाप मारून म्हणाले, "तास दीड तास आरामात चालेल."

ताई पडून होती. मी बाहेर दोरी बांधून कपडे वाळत घातले. पेटी माझ्या पायाशीच होती. तिच्यातून काही ऐकू येत नव्हतं, आणि तिच्यातून कधीच काही ऐकू येत नसे. चालू आहे का ते बघायचा दिवा ह्यांच्या पेटीच्या आत. भाचीचा फोन आला, कुठवर आलात, आई बरी आहे ना. मी म्हटलं, झकास आहे, झोपलीय.

आत आले आणि मटार सोलायला बसले. आत गरम वाटलं, पण मी उन्हातून आलेली, मला वाटलं माझंच अंग तापलंय. ताई कुशीवर होती. मध्येच तिने हात जरासा उचलला आणि सोडून दिला. मी म्हटलं, माशी दिसतेय. उठले, टॉवेल झटकला, तिच्या तोंडावर ऊन नको म्हणून पडदा ओढून घेतला आणि परत येऊन मटार सोलू लागले.

थोड्या वेळाने तहान लागली म्हणून फ्रिज उघडला. आत दिवा लागला नाही.

मला आधी वाटलं, बल्ब गेला. खरंच असं वाटलं. मग मान वर करून एसीकडे बघितलं, तर तोही बंद. पडदा बाजूला ओढला. ताईचे ओठ जांभळट निळे झालेले. डोळे अर्धवट उघडे. धावत जाऊन कपाटाचं दार उघडलं तर आत मशीन जिवाच्या आकांताने बोंबलत होतं. वीज गेली की ते ओरडतं, त्यासाठीच तो भोंगा असतो. फोमच्या आत बसून कधीपासून बोंबलत होतं कोण जाणे.

पलंगाखाली राखीव सिलिंडर होता. किल्ली कशी फिरवायची ते नर्सने मला दाखवलं होतं. पण घामाने हात निसटत होता, आणि कुठल्या बाजूला फिरवायची तेच आठवेना. मी ताईला शिव्या देत होते, खोटं कशाला सांगू. "मरायचं नाही, समजलं का? लेकीकडे जाऊन काय ते कर, इथे नाही." किल्ली फिरली. सूं करून हवा सुटली. नळी त्याला जोडली, तिच्या नाकाशी घट्ट धरली आणि ओठांकडे बघत बसले. किती वेळ ते मला ठाऊक नाही. निळा रंग असा सावकाश उतरतो की तो उतरतोय यावर विश्वास बसत नाही.

हे आले तेव्हा मी रडत नव्हते. नुसतं पेटीकडे बोट दाखवलं. ह्यांनी झाकण उघडलं, आतून धग आली. पेट्रोल शिल्लक होतं. जनरेटर तापून आपला आपण बंद पडला होता. ह्यांनी फोम टराटरा ओरबाडून काढला, कपाटातलाही काढला. हात भाजला, तरी थांबेनात. मी ठरवून ठेवलं होतं की ह्यांना चांगलं फैलावर घ्यायचं. पण हे दारात येऊन उभे राहिले, ताईकडे बघितलं, आणि भाजलेल्या हातानेच तिची नळी सरळ करायला लागले. मी उठून ह्यांच्या हातावर पाणी ओतलं.

बऱ्याच वेळाने ताईला धाप न लागता बोलता येऊ लागलं. मी म्हटलं, "ताई, झोपेत तुला काही कळलं नाही ना गं?"

"झोपले कुठे होते? मशीन बंद पडलं ते लगेच कळलं."

"मग हाक का नाही मारलीस? मी दाराबाहेरच होते."

"हाक मारायला दम लागतो," ताई म्हणाली.

हे पलंगाच्या कडेला बसले. ताई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, साधंच.

"तू आत आलीस. मला वाटलं, आली बाई, सुटले. तू मटार घेऊन बसलीस. हात उचलला, तो फार वर जाईना. तू पडदा ओढलास. मग मी नुसती तुझ्याकडे बघत राहिले."

पुढच्या गावात आम्ही तसलाच मोठा जनरेटर घेतला. मशीन आता पलंगाच्या उशाशी, उघडं. दणादणा आवाज आहे, कान किटतात, आणि हे तोंडातून ब्र काढत नाहीत. ताई त्या आवाजात खुशाल झोपते. पण मला आवाजाचाही धीर वाटेनासा झालाय. मी तिच्या समोर बसते, हातात काही काम घेत नाही. भाचीचं घर अजून दोन मुक्काम लांब आहे. यंत्र आहे, पुन्हा बंद पडू शकतं. आणि पडलं तर ताई हाक मारणार नाही, ती नुसती माझ्याकडे बघेल.