तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेले तेवीस दिवस

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. तुम्ही गाडीत अनेकदा बसला असाल, पण मला कधी पाहिलं नसेल. बॉनेटखाली, इंजिनाला चिकटून, ॲल्युमिनियमच्या पेटीत मी कायम बंद असतो. मला डोळे नाहीत. पण धातूतून आवाज चांगला पोचतो. गाडीत आणि गाडीभोवती बोललेलं बहुतेक सगळं मला ऐकू येतं, आणि न दिसलेलं मी त्यावरून ताडतो.

चौदा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मी आपोआप गिअर बदलतो. माझ्या गाडीला क्लच नाही, त्यामुळे चालवणाऱ्याचा डावा पाय मोकळा राहतो. कारखान्यात या गोष्टीला आराम म्हणत. आराम वेगळा आणि गरज वेगळी, हे मला अमरावतीला आल्यावर कळलं.

ललिताबाई अमरावतीला राहतात आणि वलगावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या डाव्या पायात ताकद नाही. पंधरा वर्षं त्यांचे मोठे भाऊ भगवंतराव त्यांना मोटारसायकलवर शाळेत सोडत, नाहीतर ऑटो ठरवत. ऑटोत चढताना कुणाला तरी त्यांचा दंड धरावा लागे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी आमची गाडी जुन्या मालकाकडून घेतली. ज्या दिवशी त्या पहिल्यांदा एकट्या वलगावला पोचल्या, त्या दिवशी इंजिन बंद करून त्या पाच मिनिटं तशाच बसून राहिल्या. घाईनं उतरायला सांगणारं कुणी नव्हतं.

मला चार गिअर आहेत. त्यांतला चौथा मला सगळ्यात आवडतो. गावाबाहेर सरळ रस्ता लागला, की मी हळूच चौथ्यात जायचो आणि इंजिनाचा आवाज खाली यायचा. मग ललिताबाई आज वर्गात काय शिकवायचं ते मोठ्यानं बोलून पाहायच्या. भिंगं, आम्ल, आम्लारी, गुरुत्वाकर्षण, सगळं मी असंच शिकलो. त्या कौतुकानं म्हणायच्या, माझा हा विद्यार्थी कधी गैरहजर नसतो.

भगवंतरावांची बहिणीवर फार माया. दसऱ्याला त्यांचा ट्रॅक्टर आणि आमची गाडी एकाच अंगणात धुतली जाते, मग हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. गेल्या दसऱ्याला त्यांनी संत्र्याच्या बागेवर फवारणी करायचा पंप आणला. बॉनेट उघडून आतला प्रत्येक कोपरा त्या जोराच्या धारेनं धुऊन काढला. गाडी आतून नव्यासारखी झाली. सगळ्यांना फार आनंद झाला, मलाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि तिसऱ्याच दिवशी, वलगावच्या रस्त्यावर, स्टिअरिंगमागच्या दिव्यांच्या पाटीवर पिवळा दिवा लागला. मी तिसऱ्या गिअरमध्ये अडकलो.

मित्रांनो, हे कसं झालं ते नीट सांगतो. माझ्यावर देखरेख करायला एक छोटा कॉम्प्युटर असतो. माझा दांडा किती वेगानं फिरतो आहे, हे एक सेन्सर त्याला सतत कळवतो. तो निरोप थांबला, तर कॉम्प्युटर घाबरतो आणि गाडी निदान घरापर्यंत जावी म्हणून मला तिसऱ्यात धरून ठेवतो. गाडी निघताना मला पहिला हवा असे, मिळायचा तिसरा. मी धापा टाकत निघायचो. पुढे मोकळा रस्ता असला, तरी चौथा मिळत नसे. माझे सगळे दाते शाबूत होते. पण ते सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

अमरावतीच्या एका गॅरेजवाल्यानं छोटं यंत्र लावून आकडा वाचला आणि गिअरबॉक्स गेला असं सांगितलं. असंच रेटलं तर गाडी भर रस्त्यात बंद पडेल, असंही तो म्हणाला. भगवंतरावांनी किल्ली आपल्या कपाटात ठेवली. मी अंगणात उभा राहिलो. रोज सकाळी मोटारसायकल सुरू होण्याचा आवाज यायचा, ललिताबाईंची काठी मागे अडकवल्याचा आवाज यायचा, आणि त्या निघून जायच्या. विज्ञानाचे धडे मला ऐकू येईनासे झाले.

एका संध्याकाळी दोघं माझ्याजवळच उभे राहून बोलत होते.

"बाई, इकून टाकू हे गाडी," भगवंतराव म्हणाले. "मी हावो ना सोडाले. काहून जिवाले तरास करून घेऊन राहिली?"

"तू सोडशील तवा जाईन, तू आणशील तवा येईन," ललिताबाई म्हणाल्या. "पंधरा वर्स तेच केलं ना, दादा."

शेवटी असं ठरलं, की अकोल्याला सहदेव नावाच्या मिस्तरीकडे याच जातीचा एक जुना गिअरबॉक्स आहे, तो बसवून पाहायचा. तो नीट चालला नाही, तर गाडी तिथंच भंगारात द्यायची आणि पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. मला त्या दोन्ही वाटांवर जागा नव्हती.

तेविसाव्या दिवशी आम्हाला ट्रकवर चढवून अकोल्याला नेलं; ललिताबाई आणि भगवंतरावही सोबत होते. सहदेवनं गाडी वर उचलली. माझ्या पहिल्या बोल्टला पाना लागला, तो थंड स्पर्श मला अजून आठवतो. तेवढ्यात ललिताबाईंची काठी फरशीवर टेकली.

"सहदेवभाऊ, खोलायच्या आधी एक सांगा. यंत्रावर नंबर कोणता आला होता?"

"अमरावतीच्या गॅरेजवाल्यानं कळवला तो, पी शून्य सातशे. म्हणजे गिअरबॉक्स खराब."

"गिअरच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे, इतकंच तो नंबर सांगते. तक्रार काय आहे, ते त्या कॉम्प्युटरले इचारलं का कोणी?"

"म्याडम, तुमी शाळेत शिकवता का गॅरेजात?"

"दोन्हीकडं सारखंच आहे. पोट्टे प्रश्न न वाचता उत्तर लिवतात."

सहदेव हसला. पण त्यानं पाना खाली ठेवला. ललिताबाईंनी त्याच्याकडे एक तास मागून घेतला.

आधी त्यांनी माझं तेल पाहिलं. ते लाल होतं, जळका वास नव्हता. मग सहदेवनं मोठं यंत्र आणून माझ्या कॉम्प्युटरला जोडलं. तिथं दुसरा आकडा निघाला, पी शून्य सातशे पंधरा. दांड्याच्या वेगाचा निरोप पोचत नाही, असा त्याचा अर्थ. सहदेव म्हणाला, मग सेन्सर बदलू, सुटला विषय. ललिताबाई म्हणाल्या, सेन्सर, वायर की दोघांना जोडणारा प्लग, हे आकड्यानं कुठं सांगितलं आहे?

त्यांनी मल्टिमीटर मागितला. सेन्सरचा रोध मोजला, तो गाडीच्या माहितीपुस्तकात दिला होता तेवढाच निघाला. मग कॉम्प्युटरच्या टोकाकडून तीच वायर मोजली. आकडा कितीतरी पटीनं वाढला, आणि वायर हलवली की बदलू लागला. म्हणजे खोट मधेच कुठेतरी होती. बॅटरीखालचा प्लग सहदेवनं ओढून उघडला. त्याचं रबर जागेवरून सरकलेलं होतं. आत पितळेच्या टोकांवर हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती, आणि बाजूला साबणाच्या पाण्याचा वाळलेला ओघळ.

"इथं पाणी कसं गेलं?" सहदेवनं विचारलं.

भगवंतराव जवळ आले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "म्याच धुतली होती. दसऱ्याले. फवारणीच्या पंपानं."

मी वाट पाहत होतो, की आता ललिताबाई काय बोलतात.

"चांगली धुतली होती, दादा," त्या म्हणाल्या. "तुले काही कमी करताच येत नाही."

सहदेवनं प्लग साफ केला, वाळवला, नवं रबर लावलं आणि जुने आकडे पुसले. ट्रक रिकामा परत गेला. ललिताबाई स्टिअरिंगवर बसल्या, भगवंतराव शेजारी. गाडी हलली आणि मला पहिला गिअर मिळाला. मग दुसरा, मग तिसरा. तिथं मी घाबरून थांबलो. पुढचा क्षण फार लांब वाटला. मग कॉम्प्युटरनं सोडलं आणि इंजिनाचा आवाज खाली आला.

मूर्तिजापूर मागे पडलं. मग भगवंतराव म्हणाले, "बाई, उद्या सकाळी मी येत नाही. तुही तू गाडी घेऊन जाय."

मित्रांनो, आता मी पुन्हा रोज वलगावला जातो. या वयात तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. यंत्र धुताना त्याच्या वायरी झाका. आणि ते अडकलं, तर लगेच मोडीत काढू नका. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही फक्त एक आकडा सांगू शकतो. तो ऐकून निकाल देऊ नका, तिथून विचारायला सुरुवात करा.

ललिताबाईंना विचारायला एक तास लागला. तो तास पहिल्याच दिवशी कुणी दिला असता, तर त्यांचे आणि माझे तेवीस दिवस वाचले असते.