आधी पोतं, मग माणूस

दोरखंडाला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. त्याला ना काळीज, ना गोळा यायला पोट. पण मित्रांनो, ज्याच्या भरवशावर माणसे खोल उतरतात, त्याच्याइतके भित्रे या जगात कोणी नसते. मी म्हातारा दोरखंड जन्मभर जीव मुठीत धरून जगलो. माझी ही भीती एकाच माणसाने ओळखली होती. माझी गोष्ट म्हणजे खरे तर त्याचीच गोष्ट आहे.

एका लांबलचक छपराखाली माझा जन्म झाला. कारागीर उलटे, मागे मागे चालत तंतूंना पीळ देत. तंतूंचे सूत झाले, सुतांचे पेड झाले आणि तीन पेडांचा मी झालो. त्याच दिवशी, त्याच तंतूंतून माझा एक भाऊही वळला गेला. आम्ही दोघेही चाळीस वाव भरलो. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. आम्हा दोघांची वेटोळी एकाच गाडीत टाकून नौदलाच्या एका जहाजावर पाठवली.

तिथे दोरांची देखभाल एका तरुण खलाशाकडे होती. तो शेतकऱ्याचा मुलगा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते, पण हात कामाला पक्के होते. त्याचा एक जिवलग दोस्त होता. तो सारखी शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शीळवाला म्हणत.

एका वादळी दुपारी जहाजाच्या बाहेरच्या अंगाला साखळी अडकली. ती सोडवायला शीळवाल्याला खाली उतरवायचे ठरले. माझ्या भावाला कमरेला बांधत त्याने विचारले, "दोर बघितलास ना रे?"

"बघितला की! नवाकोरा दिसतोय," खलाशी म्हणाला.

त्याने बघितला होता, पण वरवर. भाऊ महिनाभर ओल्या कोठीत तळाशी पडून होता आणि आतून कुजला होता. मी त्याच्याच शेजारी होतो, मला तो वास रोज येत होता. पण दोराला तोंड नसते. शीळवाला शीळ घालत खाली उतरला. मग कट् असा आवाज झाला आणि शीळ थांबली. जहाज संध्याकाळपर्यंत तिथेच घिरट्या घालत राहिले, पण तो सापडला नाही.

खलाशी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो कोठीत आला आणि एका लाकडी सुळ्याने माझे पेड उलगडून आत बघू लागला. त्याने मला हुंगले, तंतू नखाने ओढून पाहिले. त्या दिवसापासून दर महिन्याला तो असाच मला उघडून बघे. कोणालाही उतरवण्याआधी माणसाच्या वजनाचे पोते माझ्यावर टांगे, ते खाली सोडे, वर ओढे आणि मगच माणसाला हात लावू देई. "आधी पोतं, मग माणूस," एवढेच तो म्हणे. बाकीचे खलाशी त्याची टर उडवत. तो उडवू देई.

वय चाळिशीला टेकल्यावर तो नौदलातून निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी लोक घड्याळ घेऊन घरी जातात, त्याने मला मागून घेतले. वडिलांच्या शेतावर परतल्यावर गावाने त्याचे नाव कप्तान ठेवले. "अहो, कप्तान कसला? जन्मभर दोर ओढले मी," असे तो सांगून थकला, पण नाव चिकटले ते चिकटलेच. समुद्रावरची शिस्त त्याने शेतात आणली. अवजारे रोज पुसून जागच्या जागी लागत. आभाळाकडे बघून तो पावसाचा अंदाज छातीठोकपणे सांगे आणि चुकला की वाऱ्याला बोल लावी.

विहिरीत पडलेली कालवड मी वर काढली. पुराच्या ओढ्यात अडकलेल्या शाळामास्तरांना मी काठावर आणले, तेव्हा गावकऱ्यांनी माझ्यावर प्रेमाने हात फिरवला होता. दर उन्हाळ्यात कप्तान गाळ काढायला विहिरीत उतरे, आणि दर वेळी त्याच्या आधी पोते उतरे. "आमच्याकडे माणसांआधी पोत्याला विहीर दाखवतात हो!" असे त्याची बायको शेजारणींना हसून सांगे. पण कठड्यावर उभी राहून डोळ्यांत तेल घालून तीच लक्ष ठेवी. माझा एखादा भाग कमजोर वाटला की कप्तान तेवढा कापून टाकी. चाळीस वावांचा मी अठरा वावांवर आलो, पण आतून शाबूत राहिलो.

मग बायको गेली. कप्तानाचे गुडघेही गेले आणि शेत मुलीच्या हाती आले. पोरगी कष्टाळू, बापाच्या वळणाची; शीळवाल्याची गोष्ट लहानपणापासून त्याच्या तोंडून ऐकलेली. पन्नाशीला आली तरी तो तिला चिमणीच म्हणे. मी गोठ्याच्या माळ्यावर होतो. तिथपर्यंत त्याला चढवत नव्हते, म्हणून खाटेवरून तो रोज विचारी, "चिमणे, दोर बघितलास ना?"

पहिल्या दिवशी ती विसरली होती. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नको, म्हणून ती म्हणाली, "हो बाबा, बघितला." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. पुढे ते तिच्या तोंडी बसून गेले. चार वर्षे ती एकदाही माळ्यावर चढली नाही. इकडे छपराचे एक कौल सरकले होते आणि पावसाचे पाणी थेंब थेंब माझ्या अंगावर पडत होते. मला भावाचा तो वास येऊ लागला, आणि या वेळी तो माझ्याच आतून येत होता. मित्रांनो, त्या भीतीला नाव नाही.

कप्तान एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. जावईबुवा सासऱ्यावर फार माया करणारे. त्यांनी मला माळ्यावरून खाली काढले, साबणाने धुतले आणि वरून वार्निशचे दोन हात दिले. मग कप्तानाच्या फोटोखाली खिळ्यावर टांगले. येणारा-जाणारा म्हणे, "वा, काय जपलाय!" आतली ओल आतच कोंडली गेली होती. मी चकचकत होतो आणि कुजत होतो.

वर्ष झाले. कप्तानाची आठवण काढायला शेजारीपाजारी जमले, आणि नेमका त्याच सकाळी विहिरीतला पंप अडकला. दुरुस्तीवाला आठवडाभर यायचा नव्हता. रोपे माना टाकत होती. मुलगी म्हणाली, "मीच उतरते. बाबांचा दोर आहे ना! आज त्यांच्या दिवशी त्यांचाच दोर कामाला येऊ दे."

सगळ्यांना ते पटले. कोणाचे तर डोळेही पाणावले.

मला कप्पीवरून घेतले. जावईबुवा आणि दोन शेजाऱ्यांनी एक टोक धरले, दुसरे तिने कमरेला बांधले. तिच्या अंगाची ऊब मला लागत होती. तिने एक पाय कठड्यापलीकडे टाकला. खाली पाच माणसांच्या उंचीइतके खोल काळे पाणी होते. माझ्या चौथ्या वावाशी आत नुसता भुसा उरला होता आणि हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते. नको, बाई, नको, असा मी आतल्या आत आकांत करत होतो.

जावईबुवांनाही धाकधूक वाटत असावी. ती घालवायला त्यांनी सासऱ्याचा घोगरा आवाज काढला, "चिमणे, दोर बघितलास ना?"

सगळे हसले. ती मान न वळवता पटकन म्हणाली, "हो बाबा, बघितला."

आणि ती तिथेच थिजली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पाय अलीकडे घेतला आणि ती कठड्याला टेकून खाली बसली.

"काय झालं गं?" जावईबुवांनी विचारले.

"नाही बघितला," ती म्हणाली. "चार वर्षं विचारत होते. एकदासुद्धा नाही बघितला मी. खोटं सांगत होते त्यांना."

"अगं, आता ते जाऊ दे ना. त्यांचं समाधान झालं होतं. लोखंडासारखा आहे दोर, बघ तरी!"

"त्या शीळवाल्यालाही बाबांनी असंच सांगितलं होतं," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी पोतं."

तिने बापाच्या पेटीतून लाकडी सुळा आणला. वार्निशमुळे तो माझ्या पेडांत शिरेना. मग तिने स्वतःच्या वजनाचे पोते भरले, गाठ मारली आणि कठड्यावरून सोडले. कप्पी कुरकुरू लागली. पहिला वाव गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. जावईबुवा म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं मी?" तेवढ्यात चौथा वाव कप्पीवर आला.

कट्!

पोते काळ्या पाण्यात गेले. बुडबुडे येत राहिले. तुटताना दोराला आनंद होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळले. जावईबुवा मटकन खाली बसले. "मीच रंगवला होता गं," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तिने माझे तुटके टोक हातात घेतले. तपकिरी भुगा तिच्या तळहातावर सांडला. बाप हुंगायचा तसे तिने मला हुंगले.

"बघितला, बाबा," ती म्हणाली. "आज बघितला."

आता माझा एक तुकडा फाटकाला बांधलेला आहे आणि दुसरा खिळ्यावर आहे. माळ्यावर नवा दोर आला आहे. दर महिन्याला ती वर चढते आणि सुळ्याने त्याचे पेड उलगडते, तेव्हा मी खालून कान देऊन ऐकतो. माझी भीती अजून गेलेली नाही, ती जाऊही नये.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना चकचकीत करून भिंतीवर टांगू नका, त्यांच्या आत डोकावून बघा. आणि तुमच्या घरातले एखादे थकलेले माणूस खाटेवरून "बघितलंस का?" असे विचारत असेल, तर "हो" म्हणण्याआधी तेवढे उठा आणि खरंच बघून या.