ओबोचा भाग

अलिबागच्या सभागृहात सुचिताच्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग होतं. सगळी फुंकून वाजवायची वाद्यं आणि मृणालीने नव्याने लिहिलेली, ठरावीक चाल नसलेली पाश्चात्त्य रचना. पण मुंबईहून मांडव्याला येताना ओबो वाजवणाऱ्या हितेशला अशी बोट लागली, की दुपारपर्यंत त्याला उभंही राहवेना. आणि मधला मोठा भाग नेमका त्याने एकट्याने वाजवायचा होता.

"तो मी क्लॅरिनेटवर वाजवते," सुचिता म्हणाली. "तेव्हा मी रिकामीच असते."

"ओबोसाठी लिहिलेले स्वर क्लॅरिनेटसाठी बदलून वाचावे लागतील. आयत्या वेळी जमेल?" मृणालीने विचारलं.

"जमेल."

सुचिताचे बाबा, आगरदांड्याचे सदा कोळी, मागे बसले होते. लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी जन्मभर ट्रम्पेट वाजवलं होतं.

सुचिताने पहिला स्वर इतका हळू सोडला, की तो कधी सुरू झाला ते कुणाला कळलंच नाही. शेवटपर्यंत तिची बोटं कुठेही अडखळली नाहीत.

"हा भाग आता क्लॅरिनेटचाच," मृणाली म्हणाली. हितेशनेही कोपऱ्यातून मान डोलावली.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "चाल काय मला गावली न्हाय. पन तुझा दम माज्यापेक्षा मोठा हाय."

"हायच मुळी," सुचिता हसत म्हणाली.