दुलीचंदशेठची नितांत गरज

दर सोमवारी नागऱ्याच्या महादेवाला जाऊन येणारा दुलीचंदशेठ मोहल्ल्यात भला माणूस म्हणून ओळखला जाई. त्याच्या भलेपणाची नोंद ठिकठिकाणी सापडे. देवळात त्याने दिलेला पंखा होता, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीला त्याची पाणपोई असे, आणि दोन्हींवर त्याचं नाव देणगीपेक्षा मोठं रंगवलेलं होतं. गोंदियाच्या बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान आणि मागच्या गल्लीत दुमजली घर. वरच्या दोन खोल्या किरायाने द्यायच्या. खोली बघायला कुणी आला की शेठ आधी आडनाव विचारी, मग नाव, आणि पगार सगळ्यात शेवटी.

राजदीप बोरकरने आडनाव सांगितलं आणि तोंड मिटलं. बोरकर बऱ्याच जातींत असतात. शेठने आपल्या सोयीचे बोरकर धरले. राजदीप कोहमाऱ्याहून ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरी आई सुमनबाई, बायको साक्षी आणि मुलगी प्रेरणा. आधीच्या दोन घरमालकांनी बौद्ध म्हणून बाहेर काढलं होतं, त्यात प्रेरणाच्या दोन शाळा सुटल्या होत्या. पुढच्या वर्षी ती दहावीत जाणार होती. म्हणून मिटलेलं तोंड.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग वैशाखातली पौर्णिमा आली. सुमनबाईने खीर केली आणि एक कटोरी खाली शेठाणीला, जमुनाबाईला, नेऊन दिली. जमुनाबाईने ती उभ्या उभ्या संपवली, वेलदोडा चांगला पडला म्हणाली, आणि आज काय विशेष म्हणून विचारलं.

"आज बुद्धपौर्णिमा होय ना बाई," सुमनबाई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि कुणी शिकवलंही नव्हतं.

जमुनाबाईच्या शोकेसमध्ये प्लास्टरचा एक बुद्ध होता. तो नळाला हात लावत नाही, जिन्यावरून ये-जा करत नाही, म्हणून चालत होता. वरचे बोरकर चालण्यासारखे नव्हते. त्या संध्याकाळी भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरातून स्टीलची चांगली कटोरी कचऱ्याच्या गाडीत गेली. यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळखावं.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. मुलगा इंद्रकुमार यास व्यवसायासाठी जागेची नितांत गरज असल्याने आठ दिवसांत खोल्या खाली कराव्यात. हा इंद्रकुमार रायपूरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि दिवाळीलासुद्धा दोन रात्रींपेक्षा जास्त टिकायचा नाही. त्याच दिवशी वरच्या टाकीचा पंप बंद झाला. मे महिन्याच्या उन्हात साक्षी हातपंपावरून घागरी वाहू लागली.

इथवर शेठने सगळं इतर घरमालकांसारखंच केलं. पण महिनाभर खोली रिकामी राहील हा विचार त्याला सोसेना. मुलाच्या नितांत गरजेची नोटीस दिल्याच्या दुसऱ्याच सकाळी त्याने फाटकाला पाटी टांगली: किराये से देना है, केवल अच्छे परिवार को. खाली मोबाइल नंबर. साक्षीने घागर खाली ठेवली आणि फोनमध्ये पाटीचा फोटो काढला.

राजदीप खेपेवरून आला तो सरळ पोत्यात भांडी भरायला लागला. घर सोडण्यात त्याचा हात बसला होता. "कायले झंझट पाहिजे? दोस्तानं गावाबाहेर खोली पाहून ठेवली."

"काऊन जायचं?" सुमनबाई म्हणाली. "भाडं थकलं का? पोरगी दहावीत जाऊन राहिली. तुले पोतं भरायची सवय झाली, तिले शाळा सोडायची लावू नको."

आपल्याकडे अशा निमूट निघून जाण्याला समजूतदारपणा म्हणतात. घरमालकांची हिंमत त्याच समजूतदारपणावर पोसलेली असते. राजदीपने पोतं सोडलं, पण भांडी मांडणीवर परत लावली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सासू-सून कोर्टाच्या आवारातल्या मोफत कायदा मदत केंद्रात गेल्या. तिथल्या दुर्गेश्वरी वकीलबाईंनी नोटीस वाचली, फोटो पाहिला आणि बराच वेळ हसल्या. मग समजावून सांगितलं. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. हुकमाशिवाय कुणालाही घराबाहेर काढता येत नाही, आणि स्वतःची गरज मालकाला कोर्टात सिद्ध करावी लागते. तोवर भाडं थांबवायचं नाही. त्याने घेतलं नाही तर मनिऑर्डरने पाठवायचं, पावती जपायची. पाणी तोडणं गुन्हा आहे. नोटिशीला लेखी उत्तर जाईल, सोबत फोटोही जाईल. आणि कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

"आमी बौद्ध म्हणून काढून राहिले, त्याचं काय?" सुमनबाईने विचारलं.

त्याला वेगळा कायदा आहे, तक्रार करता येते, वकीलबाई म्हणाल्या. "पण आजी, ते कारण कुणी कागदावर लिहीत नाही. तोंडाने बोलतात आणि मागाहून नाकारतात."

सुमनबाई वाटेत तेच वाक्य पुटपुटत घरी आली.

उत्तर पोचलं त्या दिवशी पाटी उतरली आणि पंप सुरू झाला. शेठने आता दुसरी वाट धरली. रविवारी दुपारी तो मोहल्ल्यातल्या चार प्रतिष्ठितांना घेऊन वर आला. पुढारी होते केवळराम गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, दरवर्षी जयंतीला समतेवर पाऊण तास बोलणारे. साक्षीने पाणी आणलं. आत्ताच पिऊन आलो, असं पाचही जणांनी सांगितलं. बाहेर ऊन मरणाचं होतं.

गुरुजींनी सुरुवात केली. आपण जात वगैरे मानत नाही, पण मोहल्ल्याचं वातावरण असतं, शेठाणीचं पूजापाठ असतं, समजुतीने घ्यावं. शेठ म्हणाला, "देखो मावशी, मेरे को कुछ तकलीफ नहीं. पण तुमच्या लोकांत राहिल्या तर तुम्हालाच बरं वाटेल."

सुमनबाई उठली. प्रेरणाच्या वहीतला एक कागद आणि पेन आणून तिने शेठपुढे ठेवलं.

"नोटिशीत लिहिलं ते खोटं होय, तुमालेही मालूम हाय. आता खरं लिहा शेठ. बोरकर बौद्ध होत, म्हणून खोली खाली पाहिजे. खाली सही करा. गुरुजी साक्षीदार. सही झाली का सांजपर्यंत आमी सामान उतरवून देतो."

राजदीप दचकून आईकडे बघू लागला. साक्षीने त्याचा हात धरला.

शेठने पेनकडे पाहिलं. गुरुजींनी शेठकडे पाहिलं. एका प्रतिष्ठिताला फोन आठवला, दुसऱ्याला उघडं टाकलेलं दुकान.

"ऐसा लिखके थोडी देते हैं," शेठ पुटपुटला.

"मंग बोलता काऊन?"

जिना अरुंद होता, त्यामुळे पाचही जणांना एकामागे एक उतरावं लागलं. गुरुजी सगळ्यांच्या पुढे होते. खालचा दरवाजा लागल्यावर राजदीप पोत्यापाशी गेला आणि एकेक भांडं काढून मांडणीवर ठेवू लागला.

शेठला वाटलं तर तो उद्या दावा लावेल; तो त्याचा हक्क आहे, निकाल कोर्ट देईल. तोवर बोरकर वरच्या मजल्यावर राहणार आहेत. ज्या सज्जनांनी हे वाचताना मनातल्या मनात शेठची बाजू समजून घेतली, त्यांनी एक साधं काम करावं. आपली खोली कुणाला द्यायची नाही आणि का, हे आज एका कागदावर लिहावं, आणि खाली पूर्ण नावानिशी सही करावी.